‘डबल बॅकअप’ बॅटरी खरंच डबल असते का? जुन्या फोनवर तीन बॅटऱ्या मोजून बघितल्या

मोबाईल रिपेअरिंगच्या कुठल्याही दुकानात काउंटरच्या काचेखाली बघा. जुन्या फोनच्या बॅटऱ्या पाकिटात लावून ठेवलेल्या असतात आणि पाकिटावर ठळक अक्षरात लिहिलेलं असतं, ‘हाय कपॅसिटी’, ‘लाँग लाईफ’, ‘डबल बॅकअप’. फोनसोबत आलेली बॅटरी ४००० एमएएचची. ही त्याच मापाची, त्याच जागेत बसणारी, पण ६००० एमएएचची. वर किंमतही कंपनीच्या बॅटरीपेक्षा कमी. मग नवा फोन कशाला घ्यायचा, असा प्रश्न कुणालाही पडेल.

मलाही पडला, कारण घरी तसा एक फोन होता. मी नोकरीला पुण्यात, पण गाव परभणी जिल्ह्यातलं, जिंतूर तालुक्यातलं. आप्पांचा, म्हणजे वडिलांचा फोन २०२० साली घेतलेला. स्क्रीन ठीक, कॅमेरा ठीक, मेमरीही पुरते. फक्त बॅटरी गेलेली. आता शेतकऱ्याचा फोन म्हणजे नुसता व्हॉट्सॲपचा फोन नसतो. ई-पीक पाहणी करायची तर बांधावर जाऊन ॲपमधून पिकाचा फोटो काढावा लागतो, म्हणजे जीपीएस, कॅमेरा आणि नेट तिन्ही एकदम चालू. शेतीपंपाची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की रात्री दोनला मोटार बघायला जाताना हातात टॉर्च म्हणून फोनच असतो. तो ३० टक्क्यांवर असताना पटकन बंद पडला तर काय होतं, हे हरभऱ्याला रात्री पाणी देणाऱ्याला विचारा.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी परभणीच्या बाजारातून एक ६५० रुपयांची ‘६००० एमएएच’ बॅटरी मुद्दाम घेतली. दुसरी, साधी ४००० एमएएचची, नांदेडच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून, ११५० रुपयांना. तिसरी फोनमधली जुनी. तिन्ही एकाच फोनवर मोजल्या.

३० टक्क्यांवर फोन बंद का पडतो?

बरेच जण म्हणतात की ‘टक्के चुकीचे दाखवतो’. थोडं खरं आहे, पण पूर्ण नाही. बॅटरी जुनी होते तेव्हा दोन गोष्टी होतात. तिच्यात वीज कमी मावते, हे सगळ्यांना माहीत असतं. दुसरी गोष्ट म्हणजे तिचा अंतर्गत रोध वाढतो. टाकीत पाणी आहे, पण नळात कचरा अडकलाय, असं समजा. बारीक धार सोडली तर पाणी येतं, नळ पूर्ण उघडला तरी जोर येत नाही.

आकड्यांत बघू. नव्या बॅटरीचा रोध साधारण ०.१ ओहम धरा. फोनने २ अँपिअर करंट ओढला तर व्होल्टेज ०.२ व्होल्टने खाली बसतं. ३.७ चं ३.५ झालं, फोनला काही फरक पडत नाही. जुन्या बॅटरीत हाच रोध ०.३ ओहम झाला, तर तेवढ्याच करंटला ०.६ व्होल्ट जातात. ३.७ चं थेट ३.१. बहुतेक फोन ३.२-३.३ च्या आसपास स्वतःला बंद करून घेतात. म्हणजे बॅटरीत वीज शिल्लक असते, पण जीपीएस आणि कॅमेरा एकदम मागतात तेवढी ती देऊ शकत नाही. घरी खाटेवर बसून मेसेज वाचताना हाच फोन १० टक्क्यांपर्यंत मुकाट चालतो आणि शेतात ३० ला मान टाकतो, ते यामुळे.

ॲपलचं २०१७ चं प्रकरण काहींना आठवत असेल. जुन्या आयफोनचा वेग कंपनी सॉफ्टवेअरमधून कमी करत होती आणि डिसेंबर २०१७ मध्ये तिने ते मान्य केलं. कारण हेच: थकलेल्या बॅटरीवर जोर पडून फोन अचानक बंद पडू नये. लोक चिडले ते न सांगता केल्यामुळे, आणि चिडणं बरोबरच होतं. मग कंपनीने बॅटरी बदलण्याचा दर भारतात ६५०० रुपयांवरून २००० वर आणला. बॅटरी बदलली की तेच फोन पुन्हा पहिल्यासारखे पळायला लागले.

पाकीट उघडण्याआधीच हिशोब लागतो

एमएएच हा आकडा एकटा असेल तर अर्धवट असतो. खरी साठवण कळते वॉट-अवरमध्ये. एमएएचला व्होल्टने गुणायचं आणि हजाराने भागायचं, बस. आमच्या फोनची मूळ बॅटरी ४००० एमएएच, ३.८५ व्होल्ट, म्हणजे १५.४ वॉट-अवर. पाकिटावरची ६००० वाली खरी असेल तर २३.१ वॉट-अवर.

आता वजन. लिथियम-आयन बॅटरीत वीज साठते ती आतल्या पदार्थांत, आणि पदार्थाला वजन असतं. जास्त वीज हवी तर जास्त माल भरावा लागतो, त्याला इलाज नाही. ऑनलाईन तीन-चारशे रुपयांत मिळणारा छोटा डिजिटल काटा घेतला (ओळखीचा सराफ असेल तर तोही चालेल, हसेल थोडा) आणि तिन्ही बॅटऱ्या ठेवल्या. जुनी मूळ बॅटरी ५८ ग्रॅम. नांदेडची ५७. आणि ‘६०००’ वाली ५१ ग्रॅम!

१५.४ वॉट-अवरला ५८ ग्रॅम, म्हणजे किलोमागे साधारण २६५ वॉट-अवर. चांगल्या फोन बॅटरीचा आकडा याच्या आसपासच असतो. या हिशोबाने २३.१ वॉट-अवरच्या बॅटरीचं वजन ८७ ग्रॅम हवं. ५१ ग्रॅममध्ये ती बसवायची तर किलोमागे साडेचारशे वॉट-अवर लागतात. असा सेल कुठल्याही फोनमध्ये नाही. ज्या दिवशी कुणी तो बनवेल त्या दिवशी तो काचेखाली ६५० रुपयांना पडून नसेल, विजेवरच्या गाड्या बनवणारे दारात रांग लावतील.

एवढ्यावरच हा लेख संपवता आला असता. पण ‘काट्यावर नाही, फोनमध्ये किती चालते ते सांग’ असं आप्पा म्हणाले, आणि ते बरोबर होतं.

मोजलं कसं

चार्जर आणि केबलच्या मध्ये लावायचा यूएसबी मीटर मिळतो. किती वॉट-अवर फोनकडे गेले ते तो दाखवतो. फोन संपेपर्यंत वापरला, मग बंद अवस्थेत शंभर टक्के चार्ज केला. प्रत्येक बॅटरीला हे तीनदा केलं आणि सरासरी घेतली. मीटरवर एमएएचही दिसतात, पण ते ५ व्होल्टचे असतात, बॅटरीचे नाहीत. तिथे गोंधळू नका, वॉट-अवरच बघा.

जुनी बॅटरी भरायला ९.९ वॉट-अवर लागले. ‘६०००’ वालीला १४.६. नांदेडच्या साध्या ४००० वालीला १७.१.

यातला काही भाग चार्जिंग करताना उष्णतेत जातो. साधारण १३ टक्के तोटा धरला तर बॅटरीत उतरलेली वीज अनुक्रमे ८.६, १२.७ आणि १४.९ वॉट-अवर. एमएएचमध्ये सांगायचं तर जुनी सुमारे २२४०, ‘६०००’ वाली सुमारे ३३००, साधी सुमारे ३८६०. माझा तोट्याचा अंदाज दोन टक्के इकडेतिकडे असला तरी तिघींचं आपसातलं प्रमाण बदलत नाही, कारण फोन तोच, चार्जर तोच, केबल तीच. ‘डबल बॅकअप’ बॅटरीत साध्या बॅटरीपेक्षा जवळजवळ १५ टक्के वीज कमी मावली.

व्हिडिओची चाचणीही घेतली. फ्लाईट मोड, ब्राइटनेस अर्ध्यावर, मेमरीतला एकच व्हिडिओ पुन्हा पुन्हा. जुनी बॅटरी ५ तास ५ मिनिटं, ‘६०००’ वाली ७ तास ४० मिनिटं, साधी ९ तास.

इथेच या धंद्याची मेख आहे. पाच तासांवरून पावणेआठ तास झाले की गिऱ्हाईक खूष होऊन जातं. ‘भाऊ, फरक पडला ना?’ पडला की! जुन्या थकलेल्या बॅटरीशी तुलना केली तर कुठलीही नवी बॅटरी ‘डबल’च्या जवळ वाटते. ती फोनच्या मूळ बॅटरीपेक्षा जास्त आहे की कमी, हे कुणी मोजतच नाही. दुकानदारही मुद्दाम फसवतो असं नाही, त्याला जे पाकीट येतं तेच तो विकतो.

फोनमधल्या ॲपवर विसंबू नका, कारण बऱ्याच फोनमध्ये बॅटरीची मूळ क्षमता सॉफ्टवेअरमध्येच लिहून ठेवलेली असते. सेटिंगमध्ये ‘४००० एमएएच’ दिसलं म्हणजे आतली बॅटरी ४००० ची आहे असं नव्हे. फोनच्या आत फ्युएल गेज नावाचा भाग आत-बाहेर गेलेला करंट मोजून टक्के काढतो, आणि बॅटरी बदलल्यावर त्याला नव्या बॅटरीचा अंदाज यायला काही पूर्ण चार्जिंग लागतात. पहिले दोन-तीन दिवस टक्के उड्या मारत असतील तर घाबरू नका.

मला काळजी वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. ‘६०००’ वाली चार्ज होताना बॅटरीचं तापमान ४४ अंशांपर्यंत जात होतं, साधीचं ३८. आणि तिसऱ्या चार्जिंगनंतर तिची जाडी ४.६ मिलिमीटरवरून ५ वर गेली होती. तीन चार्जिंगमध्ये! तिथेच चाचणी थांबवली आणि ती बॅटरी फोनमधून काढली. ही सगळी मोजणी फोनचं मागचं झाकण उघडं ठेवून, बाहेर ओट्यावर, फरशीवर, शेजारी वाळूची बादली ठेवून केली होती. तुम्ही घरात, गादीवर असले प्रयोग करू नका.

फुगते का? व्होल्टेजमुळे

बॅटरीच्या लेबलवर एमएएचपेक्षा महत्त्वाचा एक आकडा बारीक अक्षरात असतो: चार्जिंगचं कमाल व्होल्टेज. जुन्या पद्धतीचे लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्टपर्यंत भरायचे असतात, त्यांच्यावर ३.७ व्होल्ट छापलेलं असतं. नंतरच्या फोनमध्ये ४.३५, ४.४ किंवा त्याच्याही वर जाणारे सेल आले, त्यांच्यावर ३.८ किंवा ३.८५ असं काहीतरी दिसेल. आपला फोन किती व्होल्टपर्यंत भरतो हे फोनच ठरवतो. त्याला आत कुठला सेल बसवलाय ते कळत नाही.

म्हणजे ४.४ व्होल्टला भरणाऱ्या फोनमध्ये ४.२ चा स्वस्त सेल बसवला, तर तो रोज ओव्हरचार्ज होतो. आतलं रसायन बिघडतं, गॅस तयार होतो, बॅटरी फुगते, स्क्रीन वर उचलली जाते. नशीब फारच वाईट असेल तर पेट घेते. माझ्या ‘६०००’ वालीच्या लेबलवर ३.८५ आणि ४.४ हेच आकडे होते, पण लेबल काय, छापखान्यात हवं ते छापून मिळतं. ती ज्या वेगाने फुगली त्यावरून आत कमी व्होल्टेजचा सेल असावा किंवा वापरलेला सेल नव्या वेष्टनात घातलेला असावा. दोन्हींपैकी काहीही असलं तरी ती रात्रभर उशाशी चार्जिंगला लावायच्या लायकीची नाही.

भारतात विकायच्या लिथियम बॅटरीला बीआयएसची नोंदणी बंधनकारक आहे. मानकाचा क्रमांक आयएस १६०४६, आणि लेबलवर ‘आर-’ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप आहे, त्यात तो क्रमांक टाकला की कोणत्या कंपनीच्या कोणत्या वस्तूसाठी तो दिलाय ते समोर येतं. माझ्या ६५० रुपयांच्या बॅटरीवर चिन्ह होतं, क्रमांकच नव्हता. दुकानात उभं राहून ही तपासणी दोन मिनिटांत होते. लाजू नका. आपण कांदेसुद्धा दाबून बघून घेतो.

मग खरी मोठी बॅटरी मिळतच नाही का?

मिळायची. मागचं झाकण नखाने उघडायचं त्या काळात काही कंपन्या खरोखर मोठ्या बॅटऱ्या विकायच्या, आणि सोबत नवं झाकणही द्यायच्या, कारण बॅटरी जाड असायची आणि जुनं झाकण बसायचंच नाही. फोनला पाठीवर पोक आल्यासारखं दिसायचं. दिसायला भयंकर, पण प्रामाणिक वस्तू. जास्त वीज, जास्त जाडी, जास्त वजन.

आपल्याकडे त्या जमान्याची खूण म्हणजे नोकियाची बीएल-५सी. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने सांगितलं की मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्या चार्जिंगला तापू शकतात, त्या बदलून देऊ. भारतात तेव्हा काय धांदल उडाली होती ते घरातल्या मोठ्यांना विचारा. लोक झाकण उघडून बॅटरीवरचा नंबर तपासत होते. आता बॅटरी आत चिकटवलेली, नंबर बघायचा तर हीट गन लागते. युरोपीय संघाने मात्र २०२७ च्या फेब्रुवारीपासून ग्राहकाला स्वतः काढता-बसवता येतील अशा बॅटऱ्यांचा नियम केलाय, आणि जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या फोनच्या बॅटरीत ८०० चार्जिंग सायकलनंतर किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. आपल्याकडे असा नियम यायला हवा, असं मला ठामपणे वाटतं. ४३ डिग्रीत फोन वापरणाऱ्याला त्याची गरज युरोपपेक्षा जास्त आहे.

तेवढ्याच जागेत जास्त वीज भरायचं खरं तंत्रज्ञान आलंय, त्याचं नाव सिलिकॉन-कार्बन. नेहमीच्या बॅटरीत लिथियम साठवायला ग्राफाइट असतं, एका ग्रॅमला जास्तीत जास्त ३७२ एमएएच. सिलिकॉनचा हाच आकडा साडेतीन हजारांच्या घरात जातो. अडचण अशी की सिलिकॉन भरताना जवळपास तिप्पट-चौपट फुगतं, म्हणून ते थोड्या प्रमाणात आणि कार्बनच्या सांगाड्यात बसवून वापरतात. ऑनरने २०२३ मध्ये मॅजिक ५ प्रोच्या चिनी आवृत्तीत ते आणलं: तोच फोन बाहेरच्या देशांत ५१०० एमएएचचा, चीनमध्ये ५४५० चा. फरक बघा, ७ टक्क्यांचा. आता ७००० एमएएचचे फोन आपल्याकडे मिळतात ते याच वाटेने. पण हा सेल जुन्या फोनमध्ये टाकून चालत नाही, त्याचं चार्जिंग आणि व्होल्टेजचा उतार वेगळा असतो आणि जुन्या फोनचं सॉफ्टवेअर त्यासाठी लिहिलेलंच नसतं.

आयुष्य वाढवायचं तर ऊन बघा

परभणीचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. बॅटरी युनिव्हर्सिटी या संकेतस्थळावर एक प्रसिद्ध तक्ता आहे. ४० अंशांत पूर्ण भरून वर्षभर नुसती ठेवलेली लिथियम-आयन बॅटरी साधारण ६५ टक्क्यांवर येते, तर त्याच तापमानात ४० टक्के भरून ठेवलेली ८५ टक्क्यांवर राहते. न वापरता! म्हणजे ऊन आणि शंभर टक्के ही जोडी बॅटरीची सगळ्यात मोठी वैरी.

म्हणून आप्पांच्या फोनमध्ये नांदेडची साधी बॅटरी बसवली आणि दोनच सवयी लावायला सांगितल्या. फोन मोटारसायकलच्या हँडलवर उन्हात लावायचा नाही आणि ८०-८५ ला चार्जर काढायचा. बऱ्याच नव्या फोनमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा सेटिंगमध्येच असते, ती लावून टाका. त्यांच्या फोनमध्ये ती सोय नाही. ‘अरे, लाईट कधी जाईल सांगता येत नाही, अन् तू म्हणतोस भरू नको,’ असं त्यांचं म्हणणं. मुद्दा बिनतोड आहे. रात्रीची पाळी असेल त्या दिवशी शंभर करा, एरवी ८०, यावर तडजोड झाली. अधूनमधून थोडं थोडं चार्ज केल्याने काही बिघडत नाही. ५० टक्के दोनदा भरले की एक सायकल धरतात.

रब्बीच्या पाहणीला तीन गटांचे फोटो काढून घरी आले तेव्हा फोन ६१ टक्के होता.

राहिल्या उरलेल्या दोन बॅटऱ्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, पण गावात तशी पेटी कुठेच नाही. उकिरड्यावर किंवा चुलीत टाकायच्या नाहीत, टाचणीने टोचून गॅस काढायचा नाही (हा सल्ला व्हिडिओंमध्ये सर्रास दिसतो). टोकांना चिकटपट्टी लावून, पत्र्याच्या डब्यात वाळूत पुरून गोठ्याच्या बाहेर ठेवल्यात. पुढच्या खेपेला नांदेडला जाईन तेव्हा सर्व्हिस सेंटरमध्ये जमा करणार आहे, ते घ्यायला तयार आहेत, आधी फोन करून विचारलंय.